दोन तव्यांमधला ब्रेड : सँडविच टोस्टरविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात शाळेच्या डब्याविषयी लिहिताना आम्ही एका ओळीत असे सुचवले होते की, आठवड्यातून एखादा दिवस पोळी-भाजीऐवजी घरी भाजलेले सँडविच देण्यास हरकत नाही. त्या एका ओळीवर नाशिकच्या निरनिराळ्या भागांतून पत्रे आली, आणि जवळजवळ सर्वांचा रोख पदार्थापेक्षा यंत्रावर होता. म्हणून या वेळचे सदर आम्ही त्यालाच दिले आहे. एक खुलासा आधीच करतो. दुकानात नुसता ‘टोस्टर’ मागितला की ब्रेड भाजून वर उडवणारे यंत्र पुढे केले जाते. येथे विचार आहे तो ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये सारण भरून, दोन तापलेल्या पट्ट्यांमध्ये दाबून भाजणाऱ्या सँडविच टोस्टरचा.

प्रश्न : घरी आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले आहोत. मुलांची बस सकाळी साडेसहाला येते. सासूबाईंकडे गॅसवर धरायचा जुना टोस्टर आहे, मला मात्र विजेचा घ्यावासा वाटतो. मेन रोडवर चौकशी केली तेव्हा प्रत्येक दुकानदाराने वेगळेच सांगितले. काय घ्यावे? (एक गृहिणी, इंदिरानगर)

उत्तर : विजेचा अवश्य घ्या, पण सासूबाईंचा टोस्टर टाकून देऊ नका. लांब दांड्यांचा, कडीने बंद होणारा तो ॲल्युमिनियमचा टोस्टर भांड्यांच्या दुकानांत आजही मिळतो, कारण त्यात बिघडण्यासारखे जवळजवळ काही नाही. पावसाळ्यात वीज गेली तरी त्याच्यामुळे डबा अडत नाही. मध्यम आचेवर एका बाजूने दोन-तीन मिनिटे आणि उलटून तेवढाच वेळ धरला की एक सँडविच तयार होते. त्याची अडचण अशी की तो एका वेळी एकच सँडविच करतो आणि तेवढा वेळ आपल्याला शेगडीपाशी बांधून ठेवतो. शिवाय बर्नरची ज्योत गोल आणि ब्रेड चौकोनी असल्यामुळे टोस्टर सतत फिरवत राहिला नाही तर मधोमध काळा डाग पडतो आणि कोपरे पांढरे राहतात. इंडक्शनच्या शेगडीवर साधे ॲल्युमिनियम तापत नाही, त्यामुळे ज्यांच्याकडे तीच शेगडी आहे त्यांना हा पर्याय उरत नाही. ॲल्युमिनियमला आंबट पदार्थ सोसत नाही, म्हणून टोमॅटो किंवा लिंबू पिळलेली चटणी त्याला लागली असेल तर टोस्टर लगेच धुऊन कोरडा करावा, नाहीतर पत्र्यावर काळपट डाग धरतात.

आपल्या घराचा हिशेब मात्र वेळेचा आहे. दोन सँडविच एकदम करणारे ७०० ते ८०० वॅटचे विजेचे यंत्र तापायला चार-पाच मिनिटे घेते आणि पुढे प्रत्येक खेपेला चार-पाच मिनिटे. म्हणजे चार सँडविच साधारण पंधरा मिनिटांत होतात, आणि त्या पंधरा मिनिटांत आपले हात वेण्या घालायला, बाटल्या भरायला मोकळे राहतात. सकाळच्या घाईत ही मोकळीकच खरी सोय आहे.

खरेदीला जाताना घरी नेहमी येतो त्या ब्रेडच्या दोन स्लाइस पिशवीत घालून न्या. हे विचित्र वाटेल, पण मी स्वतः असेच करते. सर्व ब्रेड एका मापाचे नसतात. मोठ्या सँडविच ब्रेडची स्लाइस लहान साच्याच्या बाहेर येते आणि बाहेर राहिलेली कड कच्ची राहते किंवा झाकण मिटताना तुटते. स्लाइस ठेवून झाकण मिटून पाहा, कडी अलगद लागते का ते पाहा, वरची पट्टी मागच्या बाजूला अधिक दाबत नाही ना याकडे लक्ष द्या. वायर किती लांब आहे हे विचारायला पुष्कळजण विसरतात. ती बहुधा आखूड असते, आणि मग यंत्र ओट्याच्या सोयीच्या जागेऐवजी पिन पोहोचेल तेथे ठेवावे लागते, जी जागा कित्येकदा नेमकी सिंकजवळची असते. यंत्रावर आयएसआयचे चिन्ह असावे, पिन तीन टोकांची असावी आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घालून घ्यावी.

प्रश्न : त्रिकोणी खाचांचे यंत्र चांगले की रेषा उमटवणारे ग्रिलचे? (एक वाचक, गंगापूर रोड)

उत्तर : ही दोन वेगळ्या कामांची यंत्रे आहेत. त्रिकोणी साचा ब्रेडच्या कडा चिमटून बंद करतो आणि आतले सारण करंजीसारखे कोंडून ठेवतो. ब्रेव्हिल या ऑस्ट्रेलियन कंपनीने १९७४ साली बाजारात आणलेल्या यंत्रामुळे हा आकार तिकडे घरोघरी पोहोचला, आणि आज आपल्याकडे मिळणारी त्रिकोणी साच्याची यंत्रे त्याच कल्पनेवर चालतात. बटाट्याची भाजी, मटार, मक्याचे दाणे असे सुटे सारण असेल तर याला पर्याय नाही, कारण ग्रिलमध्ये ते चारही बाजूंनी बाहेर पडते. मात्र खाचेत मावेल तेवढेच सारण भरावे लागते. आमच्या घरचे पहिले यंत्र वर्षाच्या आत निकामी झाले, आणि दुरुस्ती करणाऱ्याने कारण सांगितले ते असे की, भरगच्च सँडविचवर झाकण जोराने दाबल्यामुळे प्लास्टिकची कडी आधी तुटली आणि मग बिजागरीही वाकली. तेव्हापासून एका सँडविचला दोन मोठे चमचे सारण हे माप मी ठरवून टाकले आहे.

ग्रिलच्या यंत्राला ब्रेडचा कोणताही आकार चालतो, तसा पावही चालतो, बनही चालतो आणि गुंडाळलेली पोळीही चालते. त्यात पाहण्याची मुख्य गोष्ट बिजागरी ही आहे. साध्या बिजागरीत वरची पट्टी तिरकी मिटते, त्यामुळे जाड पाव ठेवला की मागची बाजू चेपते आणि पुढची बाजू भाजलीच जात नाही. वरखाली सरकणारी बिजागरी असेल तर पट्टी आडवी राहून सर्वत्र सारखी टेकते. रेषांविषयी सांगायचे तर त्या दिसायला सुंदर असल्या तरी ब्रेड फक्त उंचवट्यांनाच टेकतो आणि मधला भाग मऊ राहतो. ज्यांना सर्वत्र सारखा कुरकुरीतपणा हवा त्यांनी सपाट पट्ट्यांचे यंत्र घ्यावे.

एकच यंत्र घ्यायचे असेल आणि थोडा अधिक खर्च परवडत असेल, तर पट्ट्या काढून बदलता येतील असे यंत्र घ्या, असे माझे स्पष्ट मत आहे. एकाच खर्चात दोन्ही प्रकार हाताशी येतात, आणि त्याहून मोठा लाभ धुण्याचा आहे, ज्याविषयी पुढे लिहिले आहे.

प्रश्न : आमचे सँडविच बाहेरून छान लाल होते, पण चावले की आत ओले आणि चिकट लागते. यंत्र कमी तापत असेल का? (एक वाचक भगिनी, सिडको)

उत्तर : बाहेरून लाल होते त्या अर्थी यंत्र पुरेसे तापते आहे. दोष पाण्याचा आहे. सँडविचच्या बाबतीत माझे हे मत इतके ठाम आहे की, बिघडलेल्या दहा सँडविचपैकी नऊ मी पाण्याच्या खात्यावर टाकीन.

टोमॅटोच्या वजनात सुमारे ९४ टक्के आणि काकडीच्या वजनात सुमारे ९५ टक्के पाणी असते. ब्रेडला लाली आणि खमंगपणा येण्यासाठी त्याचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर जावा लागतो. पण जेथे पाणी आहे तेथे ते उडून जाईपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसे वर चढत नाही. म्हणून बाहेरची कोरडी बाजू लाल होते, तर आतली बाजू भाजली न जाता वाफेवर उकडते. झाकण बंद असल्यामुळे ती वाफ ब्रेडमध्येच मुरते, आणि आपल्याला जो चिकटपणा लागतो तो त्या उकडलेल्या मैद्याचा असतो. आच वाढवून किंवा अधिक वेळ ठेवून हा दोष जात नाही, उलट बाहेरून करपते आणि आतून ओलेच राहते.

तेव्हा उपाय यंत्र तापवण्याच्या आधी, पाटावर आणि विळीवर करायचा आहे. नाशिकला टोमॅटोची वानवा नाही. गिरणारे आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत ढिगांनी टोमॅटो येतो, आणि भाजीवाल्याकडे निवडून घेण्याची मोकळीक असते. त्यातला लांबट, जाड सालीचा, दाबल्यावर घट्ट लागणारा घ्या; गोल, पातळ सालीचा, रसाने भरलेला टोमॅटो सारासाठी ठेवा. चकत्या केल्या की बोटाने बिया आणि त्यांभोवतीचा बुळबुळीत गर काढून टाका आणि चकत्या दहा मिनिटे स्वच्छ कोरड्या फडक्यावर पसरून ठेवा. फडके किती ओले होते ते एकदा पाहिले की पुढे हे सांगावे लागत नाही. काकडीला आपण कोशिंबिरीसाठी मीठ लावून पिळतो तसेच येथे करावे. मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते, म्हणून ते एकतर असे आधी लावून पाणी काढून टाकावे, नाहीतर अगदी शेवटी, झाकण मिटण्याच्या क्षणी भुरभुरावे. मीठ लावलेल्या चकत्या ब्रेडवर मांडून दहा मिनिटे तशाच ठेवल्या तर सर्व पाणी ब्रेड पितो.

चटणी हा दुसरा उगम. पुदिना-कोथिंबिरीची चटणी मिक्सरमध्ये फिरावी म्हणून आपण पाणी घालतो. त्याऐवजी मूठभर डाळं घाला, किंवा ब्रेडच्या शेवटच्या जाड स्लाइसचा कुस्करा घाला; दोन्ही पाणी धरून ठेवतात आणि चटणी चमच्यावरून न ओघळता लोण्यासारखी पसरते. लिंबू पिळायचे ते थेंबांनी मोजून पिळा.

तिसरी गोष्ट, स्निग्धाचा थर. दोन्ही स्लाइसना आतल्या बाजूने अगदी कडेपर्यंत लोणी लावले की चटणी आणि भाजीचे पाणी ब्रेडमध्ये सहज शिरत नाही. पुष्कळजण आत चटणी आणि बाहेर लोणी लावतात. बाहेरून लावण्यासाठी माझी पसंती साजूक तुपाला आहे. विकतच्या टेबल बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश, सुमारे १६ टक्क्यांपर्यंत पाणी आणि उरलेले मीठ व दुधाचे घन पदार्थ असतात. हे घन पदार्थ लवकर करपतात आणि पट्टीवर काळे ठिपके सोडतात. तुपात ते जवळजवळ नसतातच, म्हणून रंग सारखा येतो.

बटाट्याची भाजी गरम असताना भरू नये, ती ताटलीत पसरून कोमट होऊ द्यावी, कारण गरम भाजीची वाफ ब्रेडच्या आतच अडकते. ब्रेड शक्यतो आदल्या दिवशीचा असावा. अगदी ताजा ब्रेड ओलसर आणि मऊ असतो, तो दाबाखाली चपटा होऊन त्याचा लगदा होतो. येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ब्रेड फ्रिजमध्ये ठेवला की बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, कारण थंडीत त्यातला स्टार्च अधिक वेगाने घट्ट बसतो. पण तोच ब्रेड पुन्हा तापला की बराचसा मऊ होतो. त्यामुळे फ्रिजमधला कडक वाटणारा ब्रेड नुसता खायला बरा लागत नसला तरी टोस्टरसाठी उत्तम असतो. पावसाळ्यात आपल्याकडे ब्रेडला दोन-तीन दिवसांत बुरशी येते, तेव्हा तर फ्रिजच बरा. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढा भाग कापून उरलेला वापरू नका, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याहून आत पसरलेले असतात.

यंत्र पूर्ण तापल्याचा दिवा लागल्यावरच सँडविच आत ठेवा. पहिली दोन मिनिटे झाकण उघडून पाहू नका, कारण तोवर ब्रेड पट्टीला धरलेला असतो आणि उघडताना फाटतो. रंग आला की तो आपणहून सुटतो. बाहेर काढलेले सँडविच ताटात ठेवू नये. ताटाला टेकलेल्या बाजूची वाफ तेथेच थिजते आणि एवढा खटाटोप वाया जातो. जाळीवर, किंवा जाळी नसेल तर ताटात दोन चमचे आडवे ठेवून त्यांवर, दोन-तीन मिनिटे ठेवा आणि मगच कापा.

प्रश्न : (१) मी कॉलेज रोडजवळ खोली घेऊन राहतो. खोलीत गॅस नाही. ग्रिलचे मोठे यंत्र साध्या प्लगवर चालेल का? (एक विद्यार्थी) (२) आमचा पंचवटीतला जुना वाडा आहे. टोस्टरच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. हे चालण्यासारखे आहे का? (एक वाचक)

उत्तर : दुसऱ्या पत्राला आधी उत्तर देते, कारण ते थांबण्यासारखे नाही. हे अजिबात चालण्यासारखे नाही. आजच टोस्टरची पिन काढून ठेवा. झिणझिण्या येणे याचा अर्थ विजेचा प्रवाह यंत्राच्या धातूच्या भागात उतरतो आहे आणि त्याला जमिनीत जाण्यासाठी अर्थिंगची वाट मिळत नाही, म्हणून तो आपल्या शरीरातून वाट शोधतो आहे. जुन्या वाड्यांमध्ये तीन भोकांचा प्लग दिसतो, पण पुष्कळदा वरच्या मोठ्या भोकामागे वायरच जोडलेली नसते. पिनेचे ते टोक लांब आणि जाड असते त्याला कारण आहे : पिन घालताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. ते टोक कापून, किंवा दोन टोकांचा जोड लावून, यंत्र वापरणाऱ्यांची घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांना मी प्रत्येक वेळी हात जोडून सांगितले आहे की तेवढे करू नका. परवानाधारक वायरमनकडून वाड्याचे अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपियरला तुटणारे आरसीसीबी, म्हणजे प्रवाह गळू लागताच वीज आपोआप तोडणारे उपकरण, बसवून घ्या. दुरुस्तीच्या दुकानात टोस्टर स्वतंत्रपणे दाखवा, कारण दोष दोन्हीकडे असू शकतो.

याच संदर्भात एक नेहमीचा अनुभव. ज्यांच्या घरी आरसीसीबी आहे त्यांना पावसाळ्यानंतर, महिनोन् महिने न वापरलेला टोस्टर लावताच घरभराची वीज गेल्याचा अनुभव येतो. यंत्राच्या तापणाऱ्या नळीत तार आणि बाहेरचा धातू यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली असते. ती विजेला अडवते, पण हवेतला ओलावा शोषून घेते आणि मग थोडा प्रवाह गळू लागतो. असे झाले तर पुनःपुन्हा बटण दाबत न बसता यंत्र दुरुस्तीवाल्याकडे नेऊन वाळवून व तपासून घ्यावे. पावसाळ्यात टोस्टर पिशवीत बांधून माळ्यावर टाकण्यापेक्षा आठवड्यातून एकदा वापरलेला बरा.

आता विद्यार्थी वाचकासाठी. हिशेब सोपा आहे. आपल्याकडे घरगुती दाब २३० व्होल्ट असतो. साधा प्लग ६ अँपियरचा असतो, म्हणजे त्याची कमाल मर्यादा सुमारे १,३८० वॅट. ७५० वॅटच्या टोस्टरला सव्वातीन अँपियर लागतात, ते साध्या प्लगवर निर्धास्त चालते. २,००० वॅटच्या मोठ्या ग्रिलला पावणेनऊ अँपियरच्या आसपास लागतात. त्याला गीझरसारखा १६ अँपियरचा जाड प्लग हवा. मोठ्या पिनेला लहान प्लगचा जोड लावून ते चालवू नका, कारण यंत्र सुरू होईल, पण भिंतीतली वायर तापत राहील. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर टोस्टर, इस्त्री आणि पाण्याची कॉइल लावणे खोलीवर राहणाऱ्यांत सर्रास दिसते, तेही टाळा. आपल्यासाठी लहान यंत्रच योग्य आहे. मात्र खोलीत अशी यंत्रे वापरण्याची मुभा आहे का, हे घरमालकांना आधी विचारून घ्या.

प्रश्न : पट्टीवरचा काळा थर सोलला जाऊ लागला आहे. पोटात गेला तर विषबाधा होते का? (एक ज्येष्ठ वाचक, नाशिक रोड)

उत्तर : काळजी रास्त आहे, पण घाबरू नका. हा थर बहुतेक वेळा पीटीएफई नावाच्या पदार्थाचा असतो, ज्याला आपण टेफ्लॉन म्हणून ओळखतो. १९३८ साली रॉय प्लंकेट या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाला तो एका प्रयोगात अनपेक्षितपणे सापडला. तो इतका निष्क्रिय आहे की त्याचा एखादा कण पोटात गेलाच तर तो न पचता तसाच बाहेर पडतो. लोक ज्याच्या बातम्या वाचून भितात तो पीएफओए हा वेगळा रासायनिक पदार्थ. तो पूर्वी असे थर तयार करताना वापरला जात असे. नवीन यंत्र घेताना त्यावर तो नसल्याचा उल्लेख पाहून घ्यावा.

जपायचे ते फाजील उष्णतेला. साधारण २६० अंशांच्या पुढे हा थर खराब होऊ लागतो, आणि त्याच्याही बरेच वर गेल्यास त्यातून निघणारा धूर माणसाला त्रासदायक आणि पाळीव पक्ष्यांना जीवघेणा ठरतो. विजेच्या टोस्टरमध्ये तापमान आवरणारी सोय असल्यामुळे तो सहसा तिथवर जात नाही. पण गॅसवरचा नॉनस्टिक टोस्टर मोठ्या आचेवर रिकामा विसरला तर जाऊ शकतो. ज्यांच्या गॅलरीत लव्ह बर्ड्सचा पिंजरा स्वयंपाकघराला लागून आहे त्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

तरीही सोलणारी पट्टी वापरत राहा असे मी सांगणार नाही. ब्रेड तेथे चिकटणार, आपण तो खरवडणार आणि थर अधिकच सुटणार. पट्टी बदलता येत असेल तर बदला, नाहीतर यंत्राला निरोप द्या. नव्या यंत्रात सुरी, काटा किंवा स्टीलचा कालथा घालू नका, लाकडी घ्या. डब्यातून फवारण्याचे तेलही नको. त्यात बहुधा लेसिथिन असते, ते पट्टीवर भाजले जाऊन चिकट पिवळा थर धरतो आणि मग नॉनस्टिकलाच ब्रेड चिकटू लागतो.

प्रश्न : चीज वितळून खाचांत जळते आणि निघत नाही. कसे स्वच्छ करावे? (एक गृहिणी, सातपूर)

उत्तर : वेळ साधली तर दोन मिनिटांचे काम आहे. यंत्र बंद करून पिन काढा आणि ते कोमट होऊ द्या. पूर्ण गार झाले की चीज दगडासारखे होते, आणि फार गरम असताना हात पोळतो. कोमट असतानाच ओलसर, पाणी निथळणार नाही असे पिळलेले फडके दोन पट्ट्यांमध्ये ठेवून झाकण मिटा. पाच मिनिटांत वाफेने सर्व मऊ होते, मग त्याच फडक्याने पुसून घ्या. कडेच्या फटींसाठी लाकडी चमच्याचे टोक फडक्यात गुंडाळून फिरवा. तारेची घासणी आणि राख या दोन्ही गोष्टी नॉनस्टिकच्या वैरी आहेत. पट्ट्या सुट्या होत नसतील तर यंत्र कधीही नळाखाली धरू नये, पाणी बिजागरीतून आत जाते आणि वर सांगितलेल्या झिणझिण्यांची सुरुवात तेथूनच होते. म्हणूनच सुट्या होणाऱ्या पट्ट्यांचा मी इतका आग्रह धरते. ज्या यंत्राची स्वच्छता जिकिरीची असते ते महिन्याभरात कपाटात जाते, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे.

चीज बाहेर येऊ नये म्हणून ते कडेपासून एक बोट आत ठेवा, आणि भाजीच्या वर-खाली दोन्हीकडे पातळ घाला; वितळल्यावर तेच सारणाला धरून ठेवते.

प्रश्न : रोज वापरला तर विजेचे बिल किती वाढेल? (एक वाचक, मखमलाबाद)

उत्तर : ७५० वॅटचे यंत्र रोज वीस मिनिटे अखंड चालले तर पाव युनिट, म्हणजे महिन्याला साडेसात युनिट. प्रत्यक्षात तापल्यावर यंत्र मधूनमधून आपोआप बंद होत असल्यामुळे याहून कमीच. आपल्या महावितरणच्या बिलावर जो दर असेल त्याने गुणून पाहावे.

प्रश्न : डब्यात दिलेले सँडविच मधल्या सुट्टीपर्यंत मऊ पडते, आणि उन्हाळ्यात आंबल्याचा वास येतो. (एक पालक, म्हसरूळ)

उत्तर : मऊ पडते ते गरम असताना डब्यात घातल्यामुळे. जाळीवर पूर्ण निवू द्या, मग सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून डब्यात ठेवा. फॉइलमध्ये गरम सँडविच गुंडाळले तर ते आपल्याच वाफेत भिजते.

आंबण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्नात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून शिजवलेले ओले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा अधिक, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा अधिक ठेवू नये, असा दंडक आहे. मुलाचा डबा सकाळी सहाला भरला जातो आणि साडेनऊला उघडतो हे लक्षात घेता, चैत्र-वैशाखात उकडलेला बटाटा, पनीर आणि मेयोनीज डब्यातून वगळावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्याऐवजी शेंगदाण्याची किंवा जवसाची सुकी चटणी आणि वर लोणी, एवढेच भरून खमंग भाजा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, डबा दोन तासांच्या आत खाल्ला जाणार असेल तर, बटाटा परत आणता येईल, मात्र रात्रीची भाजी ओट्यावर न ठेवता फ्रिजमध्ये ठेवून सकाळी चांगली कढ येईपर्यंत गरम करावी आणि मग निववून भरावी.

रंगाविषयीही एक सूचना. स्टार्चचे पदार्थ अधिक उष्णतेवर गडद भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड हे आरोग्याला अपायकारक ठरू शकणारे रसायन तयार होते, हे २००२ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. म्हणून मुलांचे सँडविच सोनेरी रंगावर उतरवावे, आणि एखादा कोपरा काळा झालाच तर तो काढून टाकावा.

प्रश्न : ब्रेड मैद्याचा म्हणून घरात नको आहे. याच यंत्रात दुसरे काही होते का? (एक आजी, जेल रोड)

उत्तर : होते, आजी. सपाट किंवा रेषांच्या पट्ट्यांवर कालची पोळी उत्तम होते. अर्ध्या पोळीवर मेथीची कोरडी भाजी किंवा किसलेले पनीर पसरा, घडी घाला, बाहेरून तुपाचे बोट फिरवा आणि तीन मिनिटे ठेवा. थालीपिठाच्या भाजणीचा लहान गोळा दोन्ही बाजूंनी तेल लावून थापून ठेवला तरी चालतो. तो पातळ असावा आणि त्याला सहा-सात मिनिटे द्यावीत. भाकरी मात्र यात करू नका, तिला फुगायला मोकळी जागा लागते आणि वरची पट्टी ती देत नाही. त्रिकोणी खाचांत तेलाचा हात फिरवून मुगाच्या धिरड्याचे जाडसर पीठ ओतले, वर किसलेले गाजर घातले आणि झाकण मिटले, की छोटे फुगीर त्रिकोण होतात. पीठ खाचेच्या निम्म्यापर्यंतच ओता, ते फुगून वर येते.